कावळा शिवेपर्यंत

कर्जतजवळच्या दहिवलीच्या रोहिदासला ज्यांनी कधी पाहिलं असेल, त्यांनी बहुधा जांभई देतानाच पाहिलं असेल. ती तुमच्याआमच्यासारखी किरकोळ जांभई नसते. आधी खांदे वर चढतात, मग डोळे मिटतात, जबडा उघडतो तो उघडतच जातो, आणि शेवटी पोटातून असा लांब सूर निघतो की रस्त्यात बसलेली गुरं उठून बाजूला होतात. मोहोपाड्याच्या एका केमिकल कंपनीत तो ऑपरेटर आहे. एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी, एक आठवडा तिसरी, असं पाव शतक चाललंय. शरीराला जरा कुठे वाटू लागतं की आता रात्र म्हणजे काय ते कळलं, तोवर पाळी बदलते आणि ते पुन्हा बालवर्गात.

त्यामुळे हा माणूस मिळेल तिथे आणि मिळेल तसा झोपतो. मेव्हण्याच्या लग्नात तो अक्षता मुठीत धरून उभ्या उभ्या झोपला होता. फोटोग्राफरला वाटलं, काय भक्तिभावाने मंगलाष्टकं ऐकतायत पाहुणे. त्याने चार फोटो जास्त काढले. दाढ काढून घेताना झोपला तेव्हा तर डॉक्टरच घाबरला. त्याची बायको निशिगंधा म्हणते, "ह्यांची उंची किती ते मला लग्नानंतर वर्षभराने कळलं. तोवर आडवेच बघितले होते."

अशा या रोहिदासला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. बंगला नको, गाडी नको. कंपनीच्या स्टोअरमधली दिवसाची ड्युटी. सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं, भाकरी खाऊन रात्री माणसासारखं झोपायचं. स्टोअरचा जुना माणूस दिवाळीला निवृत्त झाला आणि ती जागा रिकामी झाली. नावं दोनच पुढे होती. एक रोहिदासचं. दुसरं रूपेशचं. रूपेश त्याच गावचा, त्याच खात्यातला, लग्नाला वर्ष न झालेला पोरगा.

रूपेश हा चंदरचा मुलगा, आणि चंदर म्हणजे रोहिदासचा पाळीतला जोडीदार. दोघांनी एकाच प्लँटवर, एकाच लोखंडी बाकावर आयुष्य काढलं. एक जागा असला की दुसऱ्याने डुलकी काढायची, असा त्यांचा न लिहिलेला करार. चंदर दीड वर्षापूर्वी निवृत्त झाला तेव्हा सगळ्यांना सांगत सुटला होता की आता मरेपर्यंत फक्त रात्रीच झोपणार. पण इतक्या वर्षांची सवय सुटेना. अंथरुणावर पडायचा, कूस बदलायचा, आणि उठून ओट्यावर जाऊन बसायचा. या जानेवारीत छातीत कळ आली, दोन दिवस दवाखान्यात काढले आणि गेला. रोहिदासने त्याला खांदा दिला. त्यानंतर दुसरी पाळी होती, ती केली.

आता कंपनीच्या एचआरच्या प्राची मॅडम. पुण्याच्या. बाई स्वभावाने चांगल्या, फक्त उत्साह फार. त्यांनी ठरवलं की कामगार आणि ऑफिस यांच्यात आपलेपणा वाढला पाहिजे, आणि तो कर्जतमध्ये पायी हिंडून वाढेल. पुण्याची काही मंडळी असा खेळ लावून देतात: गावात ठिकठिकाणी कोडी आणि कुलूपबंद पेट्या ठेवायच्या, टोळीटोळीने शोधत फिरायचं, कुलपं उघडत उघडत 'सुटका' करून घ्यायची. रविवार ठरला. मॅडमनी आडपडदा न ठेवता सांगितलं की स्टोअरला माणसांकडून काम करून घेणारा माणूस हवा आहे. कोण आपली टीम कशी चालवतो ते त्या बघणार, आणि मॅनेजरसाहेबांना कळवणार.

आणि तोच रविवार चंदरच्या दहाव्याचा होता.

म्हणजे रूपेश मुंडण करून उल्हास नदीच्या घाटावर बसणार, तो खेळाला येणार नाही. रोहिदासने हे कुणाजवळ बोलून दाखवलं नाही. पण मैदान मोकळं झालं हे कळायला माणसाला पूर्ण जागं असावं लागत नाही. आमच्याकडे दहाव्याला न जाण्याची तीनच कारणं चालतात: दवाखाना, कोर्टाची तारीख आणि ड्युटी. त्याने चंदरच्या घरी निरोप धाडला, ड्युटी हाय. आणि आपल्या वतीने निशिगंधाला घाटावर पाठवलं.

रविवारी तो तिसरी पाळी करून कंपनीच्या बसने थेट स्टेशनसमोर उतरला. नळावर तोंड धुतलं, दोन चहा घेतले, तिसरा हातात धरून उभा राहिला. पुण्याच्या मंडळींनी सगळ्यांना पिवळ्या टोप्या वाटल्या. त्यांच्या म्होरक्याने गोष्ट सांगितली: तुम्ही या गावात अडकला आहात. दुपारी एकच्या आत सगळी कुलपं उघडली नाहीत, तर हे गाव तुम्हाला कधीच सोडणार नाही.

"मला तर जन्मल्यापासून सोडलं नाय," रोहिदास म्हणाला, आणि जांभई दिली. मॅडमना ते विनोदबुद्धीचं लक्षण वाटलं.

त्याच्या टोळीत दोघं होती. लॅबमधला हर्षद, ठाण्याचा, पायात पळण्याचे बूट. आणि मोहोपाड्याच्या कॉलनीत वाढलेली स्नेहल, जिला कोडी सोडवायचा मनापासून नाद. दोघंही खूश होती. गावचाच माणूस म्होरक्या मिळाला, आता काय, जिंकलोच.

इथेच त्यांचं चुकलं. अनोळखी गावात माणूस झपझप चालतो. स्वतःच्या गावात चालायचं म्हणजे दर दहा पावलांना जबाब द्यायचा. बाजारपेठेत शिरल्या शिरल्या कापडवाल्याने विचारलं, टोपी कुठल्या पक्षाची. चपलांच्या दुकानातून चुलत सासरे बाहेर आले, त्यांना गुडघ्याचं सांगायचं होतं. भाजीवालीने हर्षदला रोहिदासचा होणारा जावई ठरवून त्याच्या हातात दोन पेरू ठेवले. रोहिदासला मुलगीच नाही, हे सांगायला आणखी वेळ गेला. पहिलं कोडं घड्याळाच्या दुकानातलं होतं. बंद पडलेल्या एका घड्याळात किती वाजलेत ते बघायचं. स्नेहल काचेला नाक लावून शोधत होती, तेव्हा शेजारच्या शिंप्याने मशीन न थांबवता उत्तर सांगून टाकलं. मघाची पोरं उन्हात किती वेळ उभी होती, त्याला बघवलं नाही. त्यांनाही त्यानेच सांगितलं होतं. दुसरं कोडं देवळापाशी होतं; तिथे पुजाऱ्याने उत्तरासोबत प्रसादही दिला. पुण्याच्या मंडळींनी सगळा विचार केला होता. फक्त कर्जतमध्ये कुणी वाट चुकल्यासारखा दिसला तर त्याला तसंच चुकू देत नाहीत, एवढं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

तिसरा लिफाफा स्नेहलने फोडला. जिथे पाणी पायऱ्या मोजतं, तिथे झाडावर लाल गाठोड्यात तुमची किल्ली लटकते आहे.

"नदीचा घाट," स्नेहल म्हणाली.

रोहिदासची झोप एकदम उडाली. त्याने पुष्कळ प्रयत्न केले. घाटाकडे रस्ता खराब आहे म्हणाला. तुम्ही दोघं जा, मी कोपऱ्यावर थांबतो म्हणाला. पण पेटीसोबत सगळ्या टोळीचा फोटो लागत होता, म्होरक्यासकट. हर्षदने त्याचा हात धरला आणि जवळजवळ ओढतच नेलं.

घाटावर वेगळाच प्रकार झाला होता. पुण्याच्या मंडळींनी आदल्या संध्याकाळी एक छोटी पेटी लाल कापडात बांधून घाटावरच्या पिंपळाला टांगली होती. लाल, म्हणजे लांबून दिसावी. आता आमच्याकडे नदीकाठच्या झाडाला लाल कापडात काहीतरी टांगलेलं दिसलं की ते एकच असतं. अस्थी. कुणीतरी विसर्जनाच्या मुहूर्तासाठी ठेवून गेलं असणार. सकाळी दहाव्याला आलेल्या बायकांनी बघितलं, बिचाऱ्यामागे कुणी दिसत नाही म्हणाल्या, आणि हळदकुंकू वाहिलं. एकीने झेंडूची माळ घातली. कुणीतरी उदबत्ती लावली. मग आधी पोचलेल्या तीन पिवळ्या टोळ्यांनी त्या गाठोड्याला हात घालायला बघितला आणि फोटोसाठी दात काढले, तेव्हा काय झालं असेल ते समजून घ्या. आता त्या तिन्ही टोळ्या पायऱ्यांच्या टोकाला शाळेत उभं केल्यासारख्या ओळीने उभ्या होत्या, आणि त्यांच्यापुढे प्राची मॅडम गावच्या नवनाथतात्यांना समजावत होत्या की त्यात अस्थी नाहीत, एक चिठ्ठी आहे.

नवनाथतात्या म्हणजे गावातल्या प्रत्येक बाराव्या-तेराव्याचे कारभारी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, असेल तुमची चिठ्ठी, मी खोटं म्हणत नाही. पण समोर पिंड ठेवलेत, कावळे याच झाडावर बसतात, आणि तुम्ही झाड हलवलंत की ते उडून पार मुद्र्याला जातील. कावळा शिवू दे, मग तुमचं झाड, तुमची पेटी, काय ते करा.

हे इतकं बिनतोड होतं की मॅडमही टोळ्यांच्या ओळीत जाऊन उभ्या राहिल्या.

तेवढ्यात बायकांत बसलेल्या निशिगंधाने वर बघितलं. नवरा. डोक्यावर पिवळी टोपी, हातात नकाशा, दुसऱ्या हातात भाजीवालीचा पेरू.

"ड्युटी काय?" ती एवढंच म्हणाली.

सगळा घाट वळून बघू लागला. नवनाथतात्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "ये रोहिदास. ड्युटी सुटली वाटतं."

"ही बी ड्युटीच हाय तात्या," रोहिदास म्हणाला. त्याने टोपी काढून खिशात कोंबली, चपला काढल्या आणि खालच्या पायरीवर जाऊन पुरुषांत बसला. एकदा बसल्यावर उठता येत नाही. कावळा शिवल्याशिवाय दहाव्यावरून उठणं म्हणजे मेलेल्याला अर्ध्या वाटेत सोडून जाणं. हर्षदने वरून दोनदा घड्याळ दाखवलं. मग तोही मुकाट्याने खाली येऊन बसला.

आणि कावळा काही शिवेना.

तसे कावळे होते. पिंपळावर भरगच्च होते. मान वाकडी करून खाली बघत होते, आपसांत बोलत होते, पण उतरत नव्हते. पिंडांशेजारी चंदरच्या आवडीचं सगळं मांडलं होतं: तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाचं कालवण, बिडीचं बंडल, आणि पेल्यात चहा. तात्या म्हणाले, जीव कशात तरी अडकलाय, बोला. मग एकेक जण हात जोडून बोलू लागला. धाकट्या भावाने सांगितलं, म्हशीकडे मी बघीन. कावळे गप्प. भाच्याने सांगितलं, घराचे पत्रे पावसाळ्याआधी बदलून देतो. एक कावळा जागा बदलून बसला, बस. पत्त्यांच्या अड्ड्यावरचे दोघं आले आणि म्हणाले, चंदर, तुझा डाव आमी मोडणार नाय. मग बांधाला बांध लागून असलेला चुलतभाऊ पुढे झाला. गेली कित्येक वर्षं त्याने चंदरचा बांध कोरला होता, ते घाटावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बांध दोन हात मागे घेतो, म्हणाला. सगळे श्वास रोखून झाडाकडे बघत राहिले. कावळा नाही उतरला. चुलतभावाने डोळे पुसले आणि म्हणाला, "तो विषय नव्हता वाटतं त्याच्या मनात. मग राहू दे बांध हाय तिथं."

ऊन चढलं. रोहिदासच्या डोळ्यांत रात्रभरच्या प्लँटचा धूर आणि सकाळचे तीन चहा एकत्र झाले होते. त्याची मान छातीवर पडत होती, आणि दर वेळी शेजारचा कोपर मारून त्याला वर काढत होता. पाठ दुखत होती, पायरी टोचत होती. त्याला आता दिवसाची ड्युटी नको होती, कुलूप नको होतं, सुटका नको होती. फक्त आडवं व्हायचं होतं. वाळूवर चाललं असतं.

रूपेश पिंडांसमोर उकिडवा बसला होता. मुंडण केलेलं डोकं उन्हात चमकत होतं. त्याने सगळं बोलून पाहिलं होतं, आईला सांभाळीन, घर राखीन. आता त्याच्याकडे बोलायला काही उरलं नव्हतं. तेव्हा मागून त्याची आई मैना बोलली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. ती कावळ्यांशी बोलत नव्हती आणि माणसांशीही नाही.

"दवाखान्यात एकच घोकत व्हते. माझ्यासारखा पोरगा नको व्हायला. रात्र गेली की माणसाचं सगळं जातं. रूपेशला दिवसाची मिळू दे, दिवसाची मिळू दे..."

रूपेशने मान खाली घातली. "आई, नको," तो म्हणाला.

कंपनीतल्या लोकांना जागा एकच आहे हे माहीत होतं, आणि गावातल्यांना तर कंपनीतल्या लोकांच्या आधी माहीत असतं. कुणी रोहिदासकडे बघितलं नाही. इतक्या माणसांनी एकाच वेळी एका माणसाकडे न बघणं हे फार वाईट असतं.

बघितलं फक्त निशिगंधाने. तिने नकारार्थी मान हलवली का, की नुसतीच माशी हाकलली, हे रोहिदासला पुढे कितीही आठवून सांगता आलं नाही.

तो उठला. गुडघे कडकड वाजले. पुढे जाऊन त्याने हात जोडले आणि पिंडांकडे बघून बोलला, रात्रपाळीत बाकावरच्या जोडीदाराला हलवून उठवताना बोलतो तसा.

"चंदर. दिवसाची ड्युटी तुझ्या पोराला. मी माझं नाव मागं घेतो. मॅडम हितंच हायेत, त्या बी ऐकतात. आता ये बाबा. मला लय झोप आली हाय रं."

पिंपळावरून एक कावळा सुटला. सरळ खाली आला, मधल्या पिंडावर चोच मारली, भाताचं शीत उचललं आणि बोंबलाकडे वळला. मागोमाग दुसरा आला. सगळ्यांनी हात जोडले. मैनाने पदर तोंडाला लावला. हर्षदनेही हात जोडले होते, आणि ठाण्याला गेल्यावर हे सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही अशा चेहऱ्याने तो झाडाकडे बघत होता.

त्यानंतर खेळ संपायला काही वेळ लागला नाही. नवनाथतात्यांनी स्वतः गाठोडं सोडवलं, माळ बाजूला ठेवली, स्नेहलने कोड्यांतून मिळालेले आकडे फिरवले आणि पेटी उघडली. आत शेवटच्या कुलपाचा आकडा होता. तो चारही टोळ्यांनी एकदमच वाचला, म्हणून कुणीच जिंकलं नाही. चारही टोळ्यांचा एकत्र फोटो निघाला. त्यात रोहिदासचे डोळे मिटलेले आहेत.

पुलाकडे चढताना प्राची मॅडम त्याच्या शेजारून चालू लागल्या. मग म्हणाल्या की साहेबांजवळ त्या त्याचंच नाव घेणार होत्या. खेळाआधीपासूनच. इतकी वर्षं झालीत, त्याचा हक्क आहे.

रोहिदास चालत राहिला.

"तुम्ही फार थकलेले होतात," मॅडम हळूच म्हणाल्या. "अशा वेळी माणूस काहीही बोलतो. मी ते ऐकलंच नाही, असं समजू का?"

खोटं कशाला सांगू, रोहिदास थांबला. पुलाच्या कठड्याला टेकला. खाली नदीत पाणी थोडंसंच होतं. त्याच्या मनात काय काय आलं ते त्याने कुणाला सांगितलेलं नाही, पण तो बराच वेळ टेकून उभा होता. इतका, की मॅडमना वाटलं, झोपला.

"तुमी नाय ऐकलं म्हणाल, म्याडम," तो शेवटी म्हणाला. "पण कावळ्यानं ऐकलं ना."

"तो पक्षी आहे, रोहिदास."

"पक्षीच हाय. पण मला या गावात राहायचं हाय, आन् त्याला बी."

मॅडमनी पुढे वाद घातला नाही. मैनासमोर जाऊन वाद घालायची तर त्यांची छातीच नव्हती.

निशिगंधा मागून येत होती. मॅडम गेल्यावर ती त्याच्या बरोबरीने चालू लागली. आमच्या सगळ्यांची अपेक्षा होती की ती त्याला उभा चिरेल, आणि तिला तो हक्क होता. इतकी वर्षं रात्रीचं दार आतून तिनेच लावलं होतं. ओसरीवर आल्यावर त्याने चपला काढल्या, तेव्हा ती बोलली.

"थोडं थांबला असता तर तो तसाबी आलाच असता. भूक त्याला बी लागते."

"मला थांबवत नव्हतं गं."

"म्हणजे आजच्या दुपारच्या झोपेसाठी जन्मभराच्या रात्री देऊन आलात."

रोहिदासने यावर विचार केला. हिशोब चोख होता. त्याच्याकडे फक्त जांभई होती, ती त्याने दिली. ती इतकी मोठी होती, की निशिगंधाला हसू आलं, आणि हसता हसता तिने तोंड फिरवून घेतलं. मग तिने आत चटई टाकली.

झोप मात्र मिळाली नाही. कावळ्याची गोष्ट त्याच्या आधी घरी पोचली होती. दुपारभर माणसं येत राहिली. केवढं मन, म्हणत राहिली. चहा पीत राहिली. रोहिदास भिंतीला टेकून एकेकाला हूं हूं करत राहिला. चुलत सासरे गुडघ्याचं अर्धं राहिलेलं सांगायला आले. बांध कोरणारा चुलतभाऊ आला आणि म्हणाला, नशीब, माझ्या वेळी नाही उतरला. दिवेलागणीला शेवटचा पाहुणा गेला, तेव्हा तिसऱ्या पाळीची बस यायला फारसा वेळ राहिला नव्हता. त्याने तोंड धुतलं, डबा घेतला आणि नाक्यावर जाऊन उभा राहिला.

महिन्याभरात रूपेशला स्टोअरची जागा मिळाली. आता सकाळी तिसऱ्या पाळीची बस दहिवलीच्या नाक्यावर येते, रात्रीची माणसं उतरवते, आणि तीच बस दिवसाची माणसं घेऊन मोहोपाड्याला परत जाते. आपली तिसरी पाळी असली की रोहिदास खिडकीच्या जागेवरून उठतो, दांडे धरत धरत दारापर्यंत येतो. खाली रूपेश उभा असतो, डोक्यावर नुकते उगवलेले केस, इस्त्रीचा शर्ट. पहिल्या दिवशी तो बाजूला सरला आणि पायांना हात लावायला वाकला. रोहिदासने त्याला मधेच धरलं.

"ते नको. वर जा. माझीच जागा घे, खिडकीची."

"काका, तुमी..."

"बस रं. गरम हाय."